रात्रीची लाईट, केळीचं पाणी आणि टर्न बेस्ड वॉरगेम : सुरुवात नेमकी कशी करायची

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री असते. रात्रीचा आठवडा आला की जेवण करून शेतात जायचं, मोटर चालू करायची, ड्रिपचा एक व्हॉल्व्ह उघडायचा आणि मग दोन तास बसून राहायचं, दोन तासांनी उठून दुसरा व्हॉल्व्ह. हे दोन तास घालवायला मी आधी मोबाईलवर गोळीबाराचे गेम खेळायचो पण त्यात नेमकं रंगात आलं की उठावं लागायचं आणि उठलं की मेलो. मग आतेभावाने एक जुना लॅपटॉप दिला, त्यात पॅन्झर कोअर हा दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांचा गेम टाकलेला होता, आणि तेव्हापासून गेली सहा-सात वर्षं मी दुसरं फारसं काही खेळलेलोच नाही. कारण अगदी साधं आहे, हा गेम तुमची वाट बघतो. तुम्ही व्हॉल्व्ह बदलून या, चहा करून या, दुसऱ्या दिवशी या, तुमचा टर्न तसाच पडून असतो, तुम्ही एंड टर्न दाबल्याशिवाय समोरचा एक पाऊल हलत नाही.

आता बरेच जण विचारतात की भो यात मजा काय, नुसते षटकोनी घर अन् त्यावर ठोकळे. म्हणून सुरुवात कशी करायची ते एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे ज्याला खरंच खेळायचंय त्याचे पहिले पंधरा दिवस वाया जाणार नाहीत.

आधी हे काय प्रकरण आहे ते समजून घ्या. बुद्धिबळासारखं, आधी तुम्ही सगळी चाल करता मग समोरचा करतो, फक्त इथे पट म्हणजे खरा नकाशा असतो आणि मोहरे म्हणजे त्या काळातल्या खऱ्या पलटणी. याचं मूळ पोरखेळात नाहीच. १८२४ मध्ये प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १:८००० स्केलच्या नकाशावर लाल अन् निळे ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच असा खेळ त्यांच्या सैन्यप्रमुखासमोर मांडला, आणि तो त्यांना इतका पटला की अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सगळ्या सैन्यात वाटला गेला. पुढे अमेरिकेत अॅव्हलॉन हिल कंपनीने १९५८ पासून हेच खेळ पुठ्ठ्याच्या डब्यात विकले, १९६१ पासून नकाशावर षटकोन आले, आणि कॉम्प्युटर आल्यावर तेच पडद्यावर आलं. षटकोन का, तर चौकोनात तिरपं गेलं की जवळपास दीडपट अंतर एका चालीत कापलं जातं, षटकोनात सहाही बाजूंचं अंतर सारखं पडतं. त्या षटकोनाला सगळे हेक्सच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.

मशीनचं टेन्शन अजिबात घेऊ नका. ग्राफिक कार्ड लागत नाही, घरात पोराच्या ऑनलाईन शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप असेल तर तो पुरे. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा जड गेम लावला की लॅपटॉप तव्यासारखा तापतो, यात तसं होत नाही. एकच सांगतो, माऊस घ्या. टचपॅडवर हेक्स चुकतो आणि रणगाडा नदीत जाऊन उभा राहतो.

गेम कोणता घ्यायचा हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पैसे घालायचे नसतील तर ओपन जनरल घ्या, तो फुकट आहे आणि १९९० च्या दशकातल्या पॅन्झर जनरल मालिकेच्या धर्तीवर बनलेला आहे, त्यात लढाया इतक्या आहेत की एका आयुष्यात संपणार नाहीत. विन एसपी डब्ल्यू डब्ल्यू टू हा पण फुकट मिळतो पण त्याचा पडदा बटणांनी भरलेला आहे, नवीन माणूस घाबरून बंद करतो, म्हणून तो सहा महिन्यांनी. पैसे देऊन घ्यायचा तर माझ्या मते पहिला गेम पॅन्झर कोअर, २०११ चा, आणि दुसरा युनिटी ऑफ कमांड, तो पण २०११ चाच. दोन्ही सेलमध्ये बरेच स्वस्त होतात, सेलची वाट बघा, घाई कसली. स्टीम या ऑनलाईन गेमच्या दुकानावर घेतला तर दोन तासांच्या आत खेळलेला असेल अन् १४ दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात, पण हे गेम दोन तासांत कळत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणून ते दोन तास फक्त मशीनवर नीट चालतो का, अक्षरं वाचता येतात का एवढं बघायला वापरा.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, एंपायर टोटल वॉर घेऊ नका या कामासाठी. २००९ चा आहे, त्यात मराठा साम्राज्य घेऊन खेळता येतं म्हणून आपली पोरं लगेच तिकडे धावतात, आणि गेम चांगलाच आहे, पण त्यात नकाशावरचा भागच टर्नचा, लढाई चालू झाली की घड्याळ पळतं. मी ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती त्यात अर्धीच मिळते.

पहिल्या संध्याकाळी काय करायचं? ट्युटोरियल करा, कंटाळा आला तरी करा. मग सगळ्यात छोटा सिनॅरिओ, म्हणजे एक सुटी लढाई, उघडा, दहा-पंधरा युनिट म्हणजे पलटणी असलेला, आणि पहिली पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नका. नुसता नकाशा बघा. नदी कुठून कुठे जाते, पूल किती, रस्ता कुठे आहे, जंगल कुठे, आपल्याला कोणती गावं घ्यायची आहेत आणि किती टर्नमध्ये. आपण शेतकरी माणसं, नवीन जमीन बघायला गेलो की आधी बांध, उतार, नाला, गाडीरस्ता बघतो ना, पीक नंतर बघतो, अगदी तसंच.

नकाशा वाचणं काय असतं याचं उदाहरण लांब जायला नको. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जालना जिल्ह्यात असई गाव आहे, २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीच्या आड मांडून बसली होती, शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि वाटाडे इंग्रजांच्या सेनापतीला, वेलस्लीला, सांगत होते की इथे नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने एवढंच ताडलं की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून आहेत म्हणजे लोकांची जा-ये असणार, म्हणजे उतार असणारच, आणि होताच. तिथून तो पलीकडे गेला आणि बाजूने आला. त्यात आपल्या माणसांचा पराभव झाला म्हणून वाईट वाटतं, मला पण वाटतं, पण नकाशाकडे बघायची ती नजर शिकण्यासारखी आहे, आणि हे गेम तुम्हाला नेमकी तीच नजर देतात. पंधरा मिनिटं नकाशा बघणाऱ्याला पूल सापडतो, पहिल्याच मिनिटाला टँक पळवणारा नदीकाठी अडकतो.

आता एक गाव कसं घ्यायचं ते जवळून दाखवतो, कारण इथेच सगळे आपटतात. समजा पॅन्झर कोअरमध्ये १९३९ चं पोलंड आहे आणि तुम्ही जर्मन बाजूने आहात. समोर शहराचा हेक्स, त्यात पोलिश पायदळ खंदक खोदून बसलंय, ताकद १०. तुमच्याकडे दोन पायदळ, एक तोफखाना, एक टँक. नवीन माणूस काय करतो, टँक सगळ्यात भारी दिसतो म्हणून टँक शहरात घुसवतो. शहरात, जंगलात टँकचा जोर चालत नाही, पायदळ त्याला जवळून फाडतं. माउस शत्रूवर नेला की गेम आधीच अंदाज दाखवतो, तुमचे किती जातील त्यांचे किती जातील, तो आकडा बघायची सवय लावा. टँकने किती येतात बघा, तुमचेच जास्त जाताना दिसतील. मग तोफखान्याने आधी मारा करा. तोफेने माणसं कमी मरतात पण दबतात, आणि दबलेला शत्रू त्या टर्नला उलट गोळीबार करू शकत नाही, शिवाय त्याचा खंदकही ढासळत जातो. आता परत पायदळाचा अंदाज बघा, आकडा फिरलेला असतो. एका पायदळाने मारा, मग दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने मारा. आणि टँक? टँक शहराला वळसा घालून मागच्या रस्त्यावर नेऊन उभा करा, म्हणजे शहरातून मागे हटणाऱ्याला जागाच राहत नाही. तेच चार युनिट, तोच टर्न, फक्त क्रम बदलला. हा क्रम डोक्यात बसला की अर्धा गेम आला समजा.

अशीच एक गोष्ट संरक्षणाची. तुमच्या पायदळावर हल्ला झाला आणि त्याला चिकटून तोफखाना उभा असेल तर तोफखाना आधी आपोआप गोळे टाकतो. म्हणून तोफ एकटी कधी सोडू नका आणि पुढच्या रांगेत पण ठेवू नका, पायदळाच्या पाठीला लागून ठेवा. आणि ट्रकमध्ये बसलेलं पायदळ शत्रूच्या नजरेसमोर नेऊन टर्न संपवू नका, ट्रकमधला माणूस लढत नाही, मरतो. माझं पोलंडपासून सांभाळत आणलेलं, पाच लढाया बघितलेलं एक पायदळ फ्रान्समध्ये असंच गेलं, त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं होतं. जुनं युनिट गेलं की नुसता ठोकळा जात नाही, त्याचा अनुभव जातो, आणि अनुभव पैशाने लगेच भरून येत नाही. कमी झालेली ताकद भरताना पण बघा, स्वस्तातले नवे रंगरूट भरले की युनिटचा अनुभव पातळ होतो, मुरलेले सैनिक भरले तर महाग पडतात पण अनुभव टिकतो. लढाई चालू असताना शक्यतो मागे घेऊन भरा.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. रसद. सप्लाय.

बाकीच्या गेममध्ये गोळ्या संपल्या की नवीन उचलायच्या. इथे प्रत्येक पलटण मागे एका धाग्याने बांधलेली असते, तो धागा रेल्वेने, रस्त्याने जातो, आणि धागा तुटला की समोरचा कितीही भारी असो, दोन-तीन टर्नमध्ये त्याचं भुस्काट होतं. हे शिकायला युनिटी ऑफ कमांडसारखा गेम नाही. त्यात १९४२-४३ ची स्टॅलिनग्राडची मोहीम आहे. रशियन बाजूने खेळा. १९-२० नोव्हेंबर १९४२ ला रशियन फौज स्टॅलिनग्राड शहरावर गेलीच नाही, शहराच्या वर अन् खाली लांब जिथे जर्मनांच्या साथीचं रोमानियन सैन्य विरळ पसरलेलं होतं तिथे घुसली, आणि २३ तारखेला दोन्ही टोकं कलाचजवळ एकमेकांना भेटली. मध्ये जर्मनांच्या बाजूचा जवळपास तीन लाख माणूस कोंडला गेला. जर्मन विमानाने रसद टाकू म्हणाले, रोजची गरज काही शे टनांची आणि पोचत होतं सरासरी १०० टनांच्या आसपास. फेब्रुवारी १९४३ च्या सुरुवातीला सगळं संपलं. पुस्तकात हे वाचून मला तेवढं कळलं नव्हतं. गेममध्ये सप्लायचं बटण दाबलं, नकाशावर आपली रेल्वेलाईन कुठपर्यंत पोचते ते दिसलं, कोंडलेल्या युनिटवर खूण आली, पहिल्या टर्नला ते अजून लढत होतं, दुसऱ्याला ढिलं पडलं, तिसऱ्याला माझ्या साध्या पायदळाने पण त्याला उचललं, तेव्हा कळलं.

म्हणून नियम असा करा की प्रत्येक टर्नला एंड दाबायच्या आधी दोनदा सप्लाय बघायचा, एकदा आपला अन् एकदा त्याचा. आपला तुटतोय का, आणि त्याचा कुठे तोडता येतो. हल्ला कुठे करायचा याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नातच असतं. आणि पुढे पळताना हात आखडता घ्या, टँक नकाशावर चार हेक्स पुढे जाऊ शकतो म्हणून नेऊ नका, मागून डिझेल पोचेल तेवढंच न्या.

केळीवाल्याला हे वेगळं सांगायची गरज नाही खरं तर. एका पावसाळ्यात आमच्याकडे घड कापून बांधावर आले आणि वरून नाल्याला पूर, ट्रक पलीकडे उभा. माल एक नंबर होता, भाव होता, गिऱ्हाईक होतं, फक्त मधला शंभर फुटाचा रस्ता नव्हता. दोन दिवसांत त्या मालाचं काय झालं ते कोणत्याही केळीवाल्याला विचारा. फौजेचं पण तसंच असतं.

आणि आपल्या इतिहासात याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे पालखेड. १७२७-२८ मध्ये निजाम मोठा तोफखाना घेऊन पुण्यापर्यंत आला, आणि बाजीराव त्याच्यामागे धावला नाही, तो जालन्याकडे, खानदेशातून, बुऱ्हाणपूरची हूल देत गुजरातेत आणि तिथून परत असा फिरत राहिला, निजामाच्याच मुलखाला झळ लावत. निजामाला पुणं सोडून गोदावरीकडे यावं लागलं, जड तोफा मागे राहिल्या, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावाने त्याला अशा जागी धरला की ना दाणा मिळेना ना पाणी. मोठी लढाई झालीच नाही. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह. हे शाळेत आपण चार ओळींत वाचलं, पण युनिटी ऑफ कमांड महिनाभर खेळून परत तो नकाशा काढून बसा, बाजीरावाने एकेक टर्नला काय केलं ते डोळ्यासमोर येतं. मला तर अंगावर काटा आला होता.

एक शब्द अजून लागेल, झोन ऑफ कंट्रोल. म्हणजे युनिटच्या आजूबाजूच्या सहा हेक्सवर त्याचा वचक असतो, शत्रू तिथे आला की त्याची चाल अडते. म्हणजे रांग धरायला प्रत्येक हेक्सवर माणूस लागत नाही, मध्ये एक-दोन हेक्स सोडले तरी चालतं. वाचवलेली युनिटं मागे राखीव ठेवा, राखीव नसलेला माणूस पहिली फट पडली की हरतो.

सेव्ह-लोडचं, म्हणजे डाव साठवून ठेवायचा अन् चुकलं की मागचाच परत उघडायचा त्याचं बोलतो, कारण हा रोग सगळ्यांना लागतो. हल्ला फसला की लोड, परत फसला की परत लोड. तसं करून तुम्ही मोहीम जिंकाल पण हातात काही येणार नाही. मी एक वही ठेवलीय, टर्न संपला की दोन ओळी लिहितो, काय ठरवलं होतं आणि काय झालं. हरलो तर पूर्ण हरतो, मग वही वाचतो, आणि तोच सिनॅरिओ पहिल्यापासून. सलग तीनदा हरलेला सिनॅरिओ चौथ्यांदा जिंकल्यावर रात्री दीड वाजता शेतात एकटाच टाळ्या वाजवल्यात मी. घरी आल्यावर आई विचारते, काय करी ऱ्हायना रे इतली रात? सांगितलं की पालखेडसारखं काहीतरी जमलं आज.

मोठे गेम लगेच घेऊ नका. गॅरी ग्रिग्सबीचा वॉर इन द ईस्ट म्हणून आहे, एक हेक्स १० मैलांचा, एक टर्न म्हणजे एक आठवडा, आणि आख्खी रशियाची आघाडी. पहिला टर्नच करायला दोन-तीन रात्री जातात. तो ज्याला झेपतो त्याला दुसरं काही गोड लागत नाही हे खरं, पण वर्षभर छोटे खेळल्याशिवाय तिकडे जाऊ नका. जुन्या काळातल्या, भाले-तलवारी-हत्तींच्या लढाया आवडत असतील तर फील्ड ऑफ ग्लोरी टू घ्या, त्यात रसद नाही, सगळा खेळ बाजू सांभाळण्याचा आहे, पलटणीला कडेने धक्का बसला की आधी ती विस्कळीत होते, मग तुटते, मग पळते, आणि एक पळाली की शेजारची पण घाबरते. तो पण फार चांगला आहे.

मराठ्यांच्या लढायांवर असा हेक्सवाला नीट गेम अजून माझ्या हाती लागलेला नाही, याची मला मनापासून खंत आहे. तोपर्यंत एक काम करा, मी केलंय म्हणून सांगतो. मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, त्यावर षटकोन आखा आणि आपला खानदेश काढा. वरून सातपुडा, खालून सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून पूर्व-पश्चिम तापी. आता बाहेर पडायच्या वाटा मार्क करा. खाली चाळीसगावजवळ कन्नडचा घाट, फर्दापूरजवळ अजिंठ्याचा घाट. पश्चिमेला तापीच्या कडेने सुरतेकडे. आणि वर सातपुड्यात बुऱ्हाणपूरची ती खिंड, जिच्या डोक्यावर असीरगड बसलाय. एवढं काढून झालं की कळतं की उत्तरेतून दख्खनेत यायची एक मोठी वाट त्या हेक्समधून जाते, म्हणून अकबर तिथे स्वतः आला, गड लढून पडेना म्हणून वेढा चालू राहिला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड हाती आल्यावरच फारुकी सुलतानांचं खानदेश संपलं. भुसावळ-खंडवा रेल्वे सुद्धा आज त्याच फटीतून जाते, असीरगड रोड नावाचं स्टेशन आहे बघा. मी तो कागद शेतातल्या खोलीत भिंतीला लावलाय, पोरगा आठवीत आहे, त्याने परवा स्वतःहून विचारलं की पप्पा मग गडाला रसद कुठून यायची.

शेवटचं, माणसासमोर खेळा. कॉम्प्युटर एका मर्यादेनंतर अंदाजात येतो. पॅन्झर कोअर, फील्ड ऑफ ग्लोरी अशा गेममध्ये तुमचा टर्न सर्व्हरवर जातो, समोरचा त्याच्या सवडीने उघडतो, खेळतो, परत पाठवतो. दोघांनी एकाच वेळी बसायची गरजच नाही, म्हणून नोकरीवाला, दुकानवाला, शेतीवाला सगळ्यांना जमतं. मी अन् आतेभाऊ, तो पुण्यात शिफ्टला असतो, आमचा एक डाव कधी कधी दोन महिने चालतो. सुरू करताना एवढंच ठरवून घ्या की किती दिवसांत टर्न टाकायचा, आम्ही तीन दिवस धरतो, केळी कापणी असेल तर आठ. आणि एकच सिनॅरिओ दोनदा खेळा, बाजू बदलून, म्हणजे नकाशाच एकाच्या बाजूचा होता असं कोणी म्हणायला नको. त्याचा टर्न काल आलाय, त्याने माझ्या डाव्या बाजूचा पूल घेतलाय, आज रात्रीची लाईट बारा वाजता आहे, तेव्हा बघतो.